काळ्या खिंडीतला म्हातारा

मी एक जुना दगडांचा ढीग आहे. हसलात ना, मित्रांनो? हसा, हसा. ढिगाला कसलं आलंय आयुष्य, असंच वाटलं असेल तुम्हाला. पण इंग्लंडच्या उत्तरेकडच्या या डोंगरांत या आणि कोणालाही विचारा, "काळ्या खिंडीतला म्हातारा कुठं भेटेल?" म्हणून. तो माझ्याकडेच बोट दाखवील. वाटेवरच्या खुणेच्या ढिगाला इथले लोक म्हाताराच म्हणतात. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तर नाहीच नाही. पण काम आहे, आणि ते मी लँटीच्या वेळेपासून करत आलो आहे.

लँटी म्हणजे विथडेलचा गडगे रचणारा. ना चुना, ना माती, नुसता दगडावर दगड बसवून तो मेंढरांसाठी मैलोनमैल गडगे घालायचा. त्या काळी विथडेलला स्वतःचं चर्च नव्हतं. घरात कोणी गेलं की शवपेटी घोड्यावर बांधायची आणि डोंगर ओलांडून केल्सगिलला न्यायची, तेव्हा कुठं पुरायला जागा. लँटीच्या आईला नेताना धुकं उतरलं. वाट चुकली, आणि दिवसभर ती माणसं म्हातारीला घेऊन चिखलात गोल गोल फिरत राहिली. बरफ वितळल्याबरोबर लँटी एकटा वर आला आणि त्यानं मला बांधायला घेतलं. खाली मोठे दगड, आतल्या बाजूला किंचित कललेले. पोटात बारीक दगड ठासून भरलेले. डोक्यावर राखाडी चपटे पाटे. माझ्यासारखा बांधा या डोंगरात दुसऱ्या कोणाचा नाही, हे मी बढाई म्हणून नाही सांगत. लोक म्हणायचे.

आता मी नेमका कुठं उभा आहे ते नीट ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. विथडेलहून चढून आलं की एक सपाट माळ लागतो. वर हिरवा, खाली दलदल. तिथं पायवाट टिकतच नाही. आज पाऊल उमटलं की उद्या त्यात पाणी. तो माळ संपतो तिथं मी. मला उजव्या हाताला ठेवायचं आणि डावीकडे वळायचं, की गवताचा उतार तुम्हाला थेट केल्सगिलच्या दारात सोडतो. न वळता सरळ गेलात तर थोड्याच अंतरावर कावळकडा आहे. कड्याचं नाक पुढं आलेलं आहे. तिथून खालचं तळं फार सुंदर दिसतं. नाकाच्या तिन्ही बाजूंना मात्र काहीच नाही, नुसती हवा.

इथल्या लोकांच्या माझ्याबाबतीत दोन रीती होत्या. पहिली, डोंगर चढताना ओढ्यातून एक दगड उचलायचा, वर आणायचा आणि माझ्या फटीत बसवायचा. हिवाळ्यात बरफ आणि वारा माझे थोडे दगड पाडतातच, ती भरपाई. डोंगरमाथ्यावर जमिनीत रुतलेला दगड कोणी उपटायचा नाही. उपटला की त्या भोकातून पाणी शिरतं आणि माती वाहून जाते. दुसरी रीत याहून कडक होती. डोंगरावर उगीच दगडावर दगड ठेवायचा नाही. दगडावर दगड ठेवणं म्हणजे 'इकडून ये' असं सांगणं. इथं कोणी मस्करीतसुद्धा ते खोटं सांगत नसे. त्यामुळे माणसं धुक्यात ढीग दिसला की एकदाही विचार करत नसत. दिसला, वळले, घरी गेले.

किती जण वळले म्हणून सांगू! मेंढरं घेऊन जाणारे, जळणासाठी वाळवायची दलदलीतली माती कापायला येणाऱ्या बायका, लग्न करून या दरीतून त्या दरीत जाणाऱ्या नवऱ्या. एक नवरी माझ्यापाशी बसून इतकी रडली की तिचा बाप म्हणाला, "एवढं वाईट वाटतंय तर परत फिर की." तशी ती डोळे पुसत म्हणाली, "नाही हो, बूट चावतोय!" 

मग खालून रस्ता झाला, मोटारी आल्या, आणि कामासाठी चढणारी माणसं कमी झाली. त्यांच्या जागी वेगळीच माणसं येऊ लागली. पाठीला पिशव्या, पायात जाड बूट, गळ्यात नकाशा. कामाशिवाय डोंगर चढणारा माणूस पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, याचं काहीतरी हरवलंय बिचाऱ्याचं. पण माणसं चांगली होती. माझ्या आडोशाला बसून डबे खायची, माझ्या पाठीवर थाप मारायची. वाट दाखवणाऱ्या पुस्तकांत माझं नाव छापून आलं. एकदा धुक्यातून मी दिसल्यावर एका बाईनं चक्क माझा पापा घेतला. तिच्या नवऱ्याला राग आला असावा. तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही म्हणे. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढं प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि वाट फोनात दिसू लागली. मग मला कोण विचारतंय! माणसं माझ्या शेजारून जायची तीसुद्धा खाली मान घालून. ओढ्यातून दगड आणायची रीत नव्यांना कोणी सांगितली नाही, आणि जुने गुडघे धरून घरी बसले. दर हिवाळ्यात माझे दगड पडत आणि पडलेलेच राहत. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एक माणूस मात्र चुकला नाही. इसाक टॉलेंटायर, विथडेलच्या सर्वांत वरच्या वाडीचा मेंढपाळ. त्याच्या वाडीजवळच्या ओढ्यातले दगड तांबडे असतात. दुसरीकडे कुठं तसे नाहीत. माझ्या फटीत कुठं तांबडा दगड दिसला तर समजा, तो टॉलेंटायरांचा.

म्हातारपणी इसाकचे डोळे गेले. अगदी आंधळा नव्हता; उजेड कळायचा, काळोख कळायचा, समोर काही उंच असलं तर त्याची काळी आकृती कळायची. बाकी सगळं धूसर. तरी दर रविवारी तो खिंड ओलांडून केल्सगिलला जायचा, थोरल्या बहिणीकडे, आयव्हीकडे. आयव्हीचा नवरा गेला होता, पाय सुजले होते, ती घराबाहेर पडत नसे. ही दोघं भावंडं चुलीपाशी बसून डॉमिनो खेळायची. इसाक बोटांनी ठिपके चाचपून खेळायचा. हरला की ठिपका चुकून मोजला म्हणायचा.

त्याची मुलगी हेझल त्याच वाडीत राहून मेंढरांचं बघायची. बापानं असा एकट्यानं डोंगर ओलांडणं तिला मुळीच पसंत नव्हतं. जोवर मॉस होता, इसाकचा कुत्रा, तोवर ती गप्प होती. मॉस पुढं चालायचा, इसाक मागून. मॉस म्हातारा होऊन मेला, आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ती बापाबरोबर वर आली. माझ्याच आडोशाला बसून दोघांचं जुंपलं.

"पुढच्या रविवारपासून मी गाडीनं सोडणार तुम्हाला, बाबा. सांगून ठेवते."

"सोड की. अख्ख्या डोंगराला वळसा घालून पोचेपर्यंत आत्याचा चहा निवलेला असेल."

"निवू दे. तुम्हाला माझा चेहरा तरी दिसतो का धड?"

"दिसत नाही म्हणूनच तर तू अजून तरुण आहेस माझ्या लेखी. फायदा तुझाच आहे."

हेझलला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "मी मस्करी करत नाहीये. दुसरा कुत्रा तरी घ्या. शेजारच्या टॉडकडे पिल्लं झालीत."

"या वयात पिल्लू? मी गेल्यावर ते दारात बसून रडेल, आणि तू त्याच्या शेजारी बसून रडशील. नको."

"मग वाट कोण दाखवणार तुम्हाला?"

"हा काय बसलाय." इसाकनं काठी माझ्या पोटावर आपटली. "आजोबांच्या आजोबांपासून इथंच आहे. हललाय का कधी? माळ माझ्या पायांना ठाऊक आहे, वळण हा सांगतो. आणखी काय पाहिजे?"

"बाबा, ऐका ना."

"तू ऐक. गाडीतून गेलो की मी पाहुणा होतो गं. आयव्ही चांगले कप काढते. चालत गेलो की शिव्या देते, चिखलाचे बूट बाहेर काढ म्हणते. तेवढ्यासाठी जातो मी. हे पण काढून घेतलंस तर माझ्याकडे राहिलं काय?"

हेझल गवत उपटत बसली. शेवटी म्हणाली, "मग माझी एक अट. सकाळी मी माथा बघणार. माथा मोकळा दिसला तरच तुम्ही निघायचं. धुकं असलं तर गाडी, आणि त्यावर एक शब्द बोलायचा नाही."

"कबूल," इसाक म्हणाला. "बाप झाल्यापासून तुझ्या आईच्या अटी पाळल्या, आता तुझ्या. माझं मेलं स्वतःचं राज्य कधी येणार कोण जाणे."

त्यानं अट पाळली. माथा मोकळा असला तरच तो येई. माळावरून काठी टेकत, जिभेनं मेंढरं हाकल्यासारखा आवाज करत. माझी काळी आकृती दिसली की म्हणे, "आहेस का रे?" फटीत तांबडा दगड बसवी, मला उजव्या हाताला ठेवी आणि वळे. पोचला की आयव्ही हेझलला फोन करी, "आला गं तुझा हट्टी." हे मला हेझलनंच नंतर सांगितलं. आता ती माझ्याशी बोलते.

ईस्टरच्या सुट्टीत ते दोघं आले. लूइस आणि बेथनी. दूरच्या शहरातली पोरं, हसरी, एकमेकांचा हात न सोडणारी. कावळकड्याच्या नाकावर बसून त्यांनी केक खाल्ला. मग लूइस एकदम गुडघ्यावर बसला आणि त्यानं खिशातून अंगठी काढली. बेथनी हो म्हणाली, रडली, हसली, पुन्हा रडली. मला बरं वाटलं बघून. तरण्या माणसांचं सुख कोणाला आवडत नाही?

मग बेथनी म्हणाली, "इथं आपलं काहीतरी राहायला हवं रे."

"मनोरा बांधू," लूइस म्हणाला. "फोटोत मस्त येईल. मागे तळं."

कड्याच्या नाकावर मोठे दगड नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मी दिसलो. माझ्या डोक्यावरचे ते राखाडी पाटे, लँटीनं बसवलेले! एकावर एक रचायला याहून छान दगड कुठं मिळणार?

"थोडेच घे हं," बेथनी म्हणाली. "बरं नाही दिसत."

"अगं, ढीग तर आहे नुसता. कोणाचं काय जातंय?"

थोडे म्हणता म्हणता त्यांनी माझं डोकं नेलं, खांदे नेले. मी मोठ्या माणसाच्या छातीएवढा होतो, तो त्याच्या गुडघ्याएवढा उरलो. गवतात उठूनही दिसेना. आणि पलीकडे, कड्याच्या अगदी टोकावर, एक सडसडीत मनोरा उभा राहिला. फोटो झाले. जाताना बेथनीनं वळून त्याला टाटा केला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, मित्रांनो. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगतो. त्यांना रीत ठाऊक नव्हती, एवढंच. पण मी तिथं अर्धा होऊन बसलो होतो. रविवार येणार होता.

रविवारी सकाळी माथा लख्ख होता. मेंढरंसुद्धा वेगळी मोजता आली असती. इसाक माळावर आला तेव्हाही ऊन होतं. मग पश्चिमेकडून धुकं आलं. आमच्याकडे ते असंच येतं, दार लोटून आत आल्यासारखं. बघता बघता मलाही माझ्या पुढ्यातलं गवत दिसेना.

काठीचा आवाज येत होता. टक, टक. तो घाबरलेला नव्हता, का घाबरेल? तो जिभेनं तोच मेंढरांचा आवाज करत होता. माझ्या इतक्या जवळून गेला की काठीची माती माझ्यावर उडाली. मी हाक मारायला हवी होती, पण दगडाला तोंड कुठलं? त्याला उंच काळी आकृती हवी होती आणि मी गवतात बसलेला होतो. तो पुढं गेला.

मग पुढून त्याचा आवाज आला. खुशीतला. "आहेस का रे?" दगडांवर हात फिरल्याची खसखस. चाचपत असणार. "बारीक झालास की रे. हिवाळा बाधला वाटतं."

दगड फटीत बसवल्याचा आवाज मला आला. चांगला घट्ट बसवला त्यानं. नंतर काठी डावीकडे वळली. एकदा टेकली. दुसऱ्यांदा टेकल्याचा आवाज आला नाही.

त्यापुढचं मी सांगणार नाही. मला ऐकू आलं तेवढं माझ्यापाशी राहू दे.

आयव्हीनं हेझलला फोन केला तो, "निघाला का गं अजून?" असं विचारायला. हेझल पळतच वर आली. तिच्यामागून गावातली बचाव पथकाची माणसं आली, दोर, स्ट्रेचर, दिवे घेऊन. त्यांचा प्रमुख कीथ, गावातला सुतार. माळावर हाका मारून मारून हेझलचा आवाज बसला होता. धुकं वर उठलं तेव्हा कीथलाच तो खाली दिसला. खाली उतरून त्यानं पाहिलं आणि वर येऊन टोपी काढली.

हेझल मनोऱ्यापाशी उभी होती. राखाडी पाट्यांच्या मधे एक तांबडा दगड बसवलेला होता. तिनं त्यावर हात ठेवला आणि तिला सगळं कळलं.

"वळले ते," ती म्हणाली. "बघ कीथ, इथं वळले. त्यांना वाटलं, आपला म्हाताराच आहे."

कीथ खाली बघत होता. मग हळूच म्हणाला, "गुरुवारी खालून पाहिला होता मी हा. म्हटलं, पोरांनी काहीतरी रचलंय, रविवारनंतर जाऊन पाडू."

"गुरुवारी?"

"हो."

"गुरुवारी पाहिलास आणि बोलला नाहीस?"

"हेझल, मला काय ठाऊक..."

"तुला नाही तर कोणाला ठाऊक रे! ते काय पाहुणे होते, नकाशा बघत चालणारे? या डोंगरात ढिगावर डोळे मिटून विश्वास ठेवणारं माणूस राहिलंच होतं कोण? ते एकटेच!" आणि मग ती खाली बसली. "माथा मोकळा आहे, जा, असं मीच म्हटलं त्यांना. मीच म्हटलं."

कीथही तिच्या शेजारी बसला. एवढा दांडगा माणूस, पण लहान पोरासारखा रडला.

इसाकला केल्सगिलच्या चर्चमागे पुरलं. विथडेलला आता चर्च आहे, पण आयव्हीला खिडकीतून दिसावा म्हणून तिकडे. दुसऱ्या दिवशी हेझल एकटी वर आली, तिनं मनोरा उतरवला आणि एकेक पाटा छातीशी धरून माझ्याकडे परत आणला. तिला गडग्याचं काम येत नाही. रचत होती, ढासळत होतं, पुन्हा रचत होती, आणि सबंध वेळ बोलत होती. "एकदा भेटू देत मला ते. एकदाच. कोण होते ते कळू दे. असं बोलेन ना त्यांना, जन्मात झोप लागणार नाही त्यांना. खुनी मेले!" तिनं मला उंच केलं. थोडा वाकडा झालो आहे, पण उभा आहे.

त्यानंतर दर रविवारी बापाच्या वाटेनं तीच आत्याकडे जाऊ लागली. जाताना ओढ्यातला तांबडा दगड माझ्यात बसवायची आणि त्या अनोळखी माणसांना द्यायच्या शिव्या माझ्यापुढं म्हणून घ्यायची. काही शिव्या तर मला नव्या होत्या. मीही वाट बघत होतो. खोटं नाही सांगत, मलाही ते भेटायला हवे होते.

पुढच्या वसंतात ते आले. लूइस आणि बेथनी. बेथनीचं पोट पुढं आलं होतं. ती सावकाश चालत होती आणि लूइस तिच्या कोपराला हात लावून. हेझल माझ्या आडोशाला बसली होती. दोघं कड्याच्या नाकापर्यंत जाऊन, इकडंतिकडं बघून परत आले.

"नमस्कार," बेथनी म्हणाली. "तुम्ही इथल्याच का हो? तिथं एक मनोरा होता ना, टोकावर? गेल्या वर्षी?"

हेझल उठून उभी राहिली. "का?"

"आम्ही बांधला होता! गेल्या ईस्टरला. यानं मला तिथंच मागणी घातली. वर्षभर मी फोटो बघत होते त्याचा. म्हटलं, बाळ यायच्या आधी एकदा जाऊन येऊ."

हातातला तांबडा दगड हेझलनं असा आवळला की बोटं पांढरी झाली. बोल, मी मनात म्हणत होतो. बोल बाई. हेच ते. वर्षभर जे माझ्यापुढं बोललीस ते आता बोल.

"वाऱ्यानं पडला," हेझल म्हणाली. "इथला वारा वाईट आहे."

"अरेरे," बेथनीचं तोंड पडलं.

"त्यात काय, पुन्हा बांधू," लूइस म्हणाला आणि माझ्या डोक्यावरच्या पाट्याला हात घालून वाकला.

"हात लावू नकोस त्याला!"

हेझल इतक्या मोठ्यानं ओरडली की माळावरची मेंढरं पळाली. लूइस दचकून मागे सरला. हेझलनं एक खोल श्वास घेतला. आवाज खाली आणला. "रागावू नका, पोरांनो. कड्यापाशी ढीग रचायचा नसतो. धुकं आलं की इथल्या माणसाला ती वाटेची खूण वाटते. तो तिकडंच जातो."

बेथनीनं वळून कड्याकडे पाहिलं. मग तिचा हात पोटावर गेला. "बाप रे," ती म्हणाली. "आमच्यामुळे गेलं नाही ना हो कोणी?"

वारासुद्धा पडला होता. हेझल तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्याकडे, मग पोटावरच्या त्या हाताकडे.

"नाही," हेझल म्हणाली. "नाही गेलं कोणी."

"हुश्श," बेथनी म्हणाली. "नाहीतर मला जन्मात झोप लागली नसती."

मग ती मोकळी झाली, हसायला लागली. पिशवीतून केक काढून तिनं हेझलला एक तुकडा दिला, आणि हेझलनं तो घेतला. लूइसनं विचारलं, आम्हा दोघांचा एक फोटो काढाल का, आणि हेझलनं तोही काढला. उताराच्या वळणापर्यंत ती दोघं मागे वळून हात हलवत होती. दिसेनाशी झाली तेव्हा हेझल माझ्यापाशी येऊन बसली. केक तिच्या हातात तसाच होता. माझ्या वाकड्या अंगावर डोकं टेकून ती खूप रडली. मग डोळे पुसून, दगड बसवून, आत्याकडे गेली.

मित्रांनो, तिला दोष देऊ नका. मी देत नाही. ती पोर पोटुशी होती, आणि सांगून इसाक परत येणार नव्हता. पण मला गप्प बसवत नाही. तुम्ही कधी कुठल्या डोंगरावर गेलात, तर दगडावर दगड ठेवायच्या आधी तिथल्या कोणाला तरी विचारा. जिथं ढीग आहे त्याचा दगड काढू नका. जमलं तर ओढ्यातून एखादा वर आणा. तुम्हाला तो नुसता ढीग वाटेल; कोणीतरी त्याच्या जिवावर घरी जात असतं.

ती दोघं सुखानं खाली उतरली. त्यांना अजून ठाऊक नाही, आणि कधी होणारही नाही. तुम्हाला मात्र मी सांगून ठेवतो. गेलं होतं कोणीतरी. इसाक टॉलेंटायर त्याचं नाव.